विलंब म्हणजे पाऊण तास

आमच्या स्टँडवर ‘लेट’ हा शब्द चालत नसे. म्हणजे तशी पाटी लावलेली नव्हती, पण खिडकीशी जाऊन कुणी विचारलं, “साहेब, नगर गाडी लेट हाय का?” तर आतला माणूस मान वर करायचा नाही. दुसऱ्यांदा विचारलं तरी नाही. तिसऱ्यांदा विचारलं की म्हणायचा, “लेट म्हणजे किती? दहा मिनिटं पण लेट आणि दहा वर्षं पण लेट. मी काय सांगू तुम्हाला?”

हे आमचे कंट्रोलर. नगर-मनमाड रस्त्यावर, कोल्हारच्या अलीकडं आमचं गाव. गावाच्या तोंडाशी पत्र्याचं शेड, एक लिंब, एक न्हाव्याची टपरी, आणि शेडच्या कोपऱ्यात हिरव्या रंगाची केबिन. येणाऱ्या प्रत्येक गाडीचा कंडक्टर त्या खिडकीशी जाऊन गाडी किती वाजता आली, किती वाजता निघाली याची नोंद करून घ्यायचा. ती नोंद करणारे हे. मी त्याच शेडखाली पाटी घेऊन बसायची. पेरूच्या दिवसांत पेरू, पेरू संपले की काकड्या, नाहीतर उकडलेल्या शेंगा. नवऱ्यानं सोडल्यावर मी आत्याकडं आले ती ही पाटी घेऊनच बसले म्हणा ना. मोठा दुष्काळ पडला त्याच्या आधीची ही गोष्ट. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची असेन.

तर कंट्रोलरांचे शब्द ठरलेले होते. गाडी दहा-पंधरा मिनिटांत येणार असली की ते म्हणायचे, “येते आहे.” अर्ध्या तासापर्यंत असली तर, “येईल.” त्याच्या पुढं गेली की, “विलंब आहे.” आणि गाडीचा काहीच पत्ता नसला तर, “भरवसा नाही.” बस, एवढंच. कारण विचारायचं नाही. पण हे शब्द इतके पक्के, की गावानं आपलं चालणंच त्यावर बसवून घेतलं होतं. “येते आहे” म्हटलं की बायका लुगडं सारखं करून गाठोडं काखेत धरून उभ्या. “येईल” म्हटलं की चहा. “विलंब आहे” म्हटलं की शेड रिकामं. कारण विलंब म्हणजे पाऊण तास, हे शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक. कुणी दाढीला बसायचा, कुणी गिरणीत दळण टाकून यायचा. एक म्हातारी तर घरी जाऊन भाकरी थापून खाऊन यायची आणि आली की गाडी दारात. “भरवसा नाही” म्हटलं की मात्र कुणी बोलायचं नाही. गाठोडं उचलायचं आणि घर गाठायचं.

मी एकदा विचारलं, “साहेब, मग उशीर कधी म्हणायचं?”

तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं, गाडी नव्हती, माश्या तेवढ्या होत्या. ते म्हणाले, “उशीर गाडीला होत नाही, पेरूवाल्या बाई. गाडीला कुठं जायचंय? ती जाते आणि येते. उशीर माणसाला होतो. आपण ज्यासाठी निघालो ते आपण पोचायच्या आत संपलं, तर उशीर. संपलं नसेल तर नुसताच वेळ गेला.”

मला ते तेव्हा फारसं कळलं नाही. मी म्हटलं, “तुमचं काहीतरी येगळंच असतं.” ते “हं” म्हणाले आणि घड्याळाला किल्ली द्यायला लागले.

घड्याळाला किल्ली सकाळी सातला आणि दुपारी तीनला. हातावरच्या घड्याळाला वेगळी, केबिनमधल्याला वेगळी. कामावर असताना खायचं नाही. मी एकदा चांगला पिकलेला पेरू पुढं केला, तर म्हणाले, “खाताना माणूस घड्याळाकडं बघत नाही.” संध्याकाळी काम संपलं, केबिनला कुलूप लावलं की मग एक पेरू घ्यायचे, पैसे द्यायचे, आणि उभ्या उभ्याच चार घासांत संपवायचे. सगळ्यांना अहो-जाहो. पोरांना अहो, भिकाऱ्याला अहो. एकदा शेडमध्ये शेळी शिरली तर तिला म्हणाले, “बाहेर व्हा.” बायको-मुलं सोलापूर बाजूला गावी असायची, हे इकडं गिरणीमागं एका खोलीत. लोक त्यांच्याविषयी काहीबाही सांगायचे. एक काळाकुट्ट, बोलका कंडक्टर होता आमच्या गाडीवर, तो म्हणायचा, “सायबाच्या लग्नाचं ठाऊक हाय का? हे दोन तास आधी जाऊन बसले. मांडववाल्यांनी यांनाच खांब धरायला लावला.”

गाडी मात्र ते कुणासाठी धरून ठेवायचे नाहीत. हे त्यांचं सगळ्यांना खुपायचं. तिची वेळ झाली की पितळी घंटेचे दोन ठोके. कारखान्याचे कोण बडे संचालक एकदा पळत आले, धोतराचा सोगा हातात, मागं त्यांचा माणूस बॅग घेऊन. घंटा झालीच. संचालक म्हणाले, “ओळखलं नाही का मला?” हे म्हणाले, “ओळखलं. पुढची साडेबाराला आहे.” आणि एकदा तर लग्नाचं वऱ्हाड चाललं होतं, सगळे चढले, करवल्या चढल्या, आणि नवरदेव पानाच्या दुकानाशी. घंटा झाली, वऱ्हाड गेलं, नवरदेव मुंडावळ्या सावरत रस्त्यात उभा. त्याला यांनी बाकावर बसायला जागा करून दिली आणि प्यायला पाणी दिलं. पण गाडी? ती गेली. त्या वऱ्हाडातल्या बायका पुढं दोन वर्षं आमच्या गावचं नाव काढलं की बोटं मोडायच्या.

आता माझं सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

मी शाळेत गेलेली नव्हते. अक्षरं मी गाड्यांच्या पाट्यांवरून शिकले. कोपरगाव आणि कोल्हार दोन्ही ‘को’ने सुरू व्हायचे, त्यात लांब कुठलं आणि आखूड कुठलं ते आधी ओळखू यायला लागलं, मग हळूहळू मधली अक्षरं. शिर्डीतला र डोक्यावर का चढून बसलाय, हे कळायला एक अख्खा हिवाळा गेला. मग पेरू बांधायला आणलेली रद्दी. ती बांधायच्या आधी वाचायची, त्यामुळं गिऱ्हाईक खोळंबायचं. सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई गाडीची वाट बघत माझ्याजवळ बसायच्या. त्या म्हणाल्या, “अगं, सातवी हो. बाहेरून बसता येतं. सातवी झाली तर आमच्या ट्रेनिंगला घेतात. राहायला देतात, जेवायला देतात, पुढं नोकरी.” मी ते धरून बसले. आत्या म्हातारी, तिचं घर तिच्या दिरांचं. तिनं डोळे मिटले की मला त्या घरात कुणी उभं करणार नव्हतं, हे मला दिसत होतं. नवऱ्याकडं परत जायची वाट नव्हती. त्यामुळं सातवी म्हणजे माझ्यासाठी काय होतं ते तुम्ही समजून घ्या. दोन वर्षं अभ्यास केला, पाटीशेजारी पुस्तक ठेवून. फॉर्म भरला. परीक्षेचं केंद्र तालुक्याच्या गावी, पहिला पेपर मराठीचा, सकाळी अकरा वाजता.

त्या दिवशी नवाच्या आतच मी स्टँडवर. नऊ दहाची गाडी धरली की दहाला तालुक्यात, घाई नाही. इस्त्रीचं लुगडं, पिशवीत परीक्षेचा पास आणि पेन. खिडकीशी गेले. कंट्रोलर केबिनमधल्या काळ्या फोनवर बोलत होते. फोन ठेवला, माझ्याकडं पाहिलं, शेडमधल्या सात-आठ माणसांकडं पाहिलं, आणि म्हणाले, “विलंब आहे.”

शेड रिकामं झालं. मी मनात हिशेब केला. दहाच्या आत गाडी आली तरी साडेदहा-पावणेअकराला पोचते, भागतंय. पेन गळत होतं, बोटं निळी झाली होती. म्हटलं शाळेतल्या मास्तरांच्या बायकोकडून दुसरं मागून आणावं. ओढ्यापलीकडं त्यांचं घर. जायला दहा मिनिटं, यायला दहा. विलंब म्हणजे पाऊण तास. मी निघाले.

झालं होतं असं, की आमची नेहमीची गाडी मागच्या गावात बिघडली होती. फोन त्याचाच होता. पण त्या स्टँडवर एक मोकळी गाडी उभी होती, ती त्यांनी लगेच त्याच वेळेवर सोडली, आणि हे कळवायला कुणी दुसरा फोन केला नाही. त्यामुळं नऊ वाजून दहा मिनिटांनी, घड्याळ लावून घ्यावं अशी, गाडी आमच्या स्टँडवर येऊन उभी राहिली. आणि स्टँडवर चिटपाखरू नव्हतं.

हे मी त्या बोलक्या कंडक्टरच्या तोंडून ऐकलं, तो होता गाडीवर. तो म्हणाला, “सायेब, मानसं कुटं हायेत?” साहेब केबिनच्या बाहेर आले, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. न्हाव्याच्या टपरीतून एक जण अर्ध्या दाढीनं, गळ्यात पंचा, पळत सुटला होता. गाडी पाच मिनिटं थांबायची, तेवढी थांबली. मग यांनी घंटेचे दोन ठोके दिले. कंडक्टर म्हणाला, “अवो, तो बगा पळतोय, थांबू की.” हे म्हणाले, “वेळ झाली. सोडा.” त्या दिवशी ती गाडी आमच्या गावातून रिकामी गेली. तसं ना आधी कधी झालं, ना नंतर.

मी ओढ्याच्या चढावर असताना मला ती दिसली, धूळ उडवत जाताना. मी पळाले नाही. पळून काय होणार होतं?

स्टँडवर गोंधळ चालला होता. अर्ध्या दाढीवाला म्हणत होता, “सायेब, तुमीच म्हनला विलंब हाय. म्हनलात का न्हाई?” भाकरीवाली म्हातारी पिठाच्या हातानं उभी होती. “आमी तुमच्या भरवशावर ऱ्हातो आनि तुमी आमची गाडी सोडता व्हय?” कंट्रोलर खिडकीआड उभे होते, बसले नव्हते. एवढंच म्हणाले, “माझं चुकलं.” भांडायला काही उरलंच नाही. साडेबाराच्या गाडीची वाट बघत जो तो बसला.

मी बाकावर बसले. हातात मास्तरीणबाईंचं पेन होतं.

ते बाहेर आले. “परीक्षा किती वाजता?”

“अकरा.”

त्यांनी घड्याळ पाहिलं. “अजून दीड तास आहे,” म्हणाले आणि सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. खाकी कपडे, हात आडवा. पहिला ट्रक त्यांना वळसा घालून गेला. दुसऱ्यालाही थांबायचं नव्हतं, पण हे हललेच नाहीत म्हणून थांबला. ऊस भरलेला, कारखान्याकडं चाललेला. ड्रायव्हर शिव्या द्यायला तोंड बाहेर काढून बसला होता, खाकी बघून गिळल्या. “यांना तालुक्याला सोडा.” “सायेब, मी फाट्यावर वळनार. फुडं टांगा भेटंल.” “चालेल.”

मग त्यांनी ट्रकच्या केबिनमध्ये डोकावून पाहिलं. ड्रायव्हर होता, त्याच्या शेजारी त्याचा क्लीनर. दोघंही तरणे. कंट्रोलरांनी माझ्याकडं पाहिलं. तेव्हाच्या काळात नवऱ्यानं सोडलेली बाई दोन परक्या गड्यांबरोबर ट्रकमधून गेली असती, तर सातवी राहिली असती बाजूला आणि गावाला वर्षभर पुरेल एवढं बोलणं मिळालं असतं. हे माझ्या आधी त्यांच्या ध्यानात आलं. ते परत गेले, आपल्या केबिनचं दार ओढलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि ट्रकमध्ये चढून मध्ये बसले. क्लीनर वर उसावर गेला.

त्या केबिनला दिवसाउजेडी कुलूप लागलेलं मी आणि अख्ख्या गावानं पहिल्यांदाच बघितलं. शेडमधले सगळे उभे राहून बघत होते.

ट्रक म्हणजे पायी जाण्यापेक्षा बरा, इतकाच. हे ताठ बसून, मांडीवर दोन्ही हात. ड्रायव्हरला वाटलं काहीतरी बोलावं. “सायेब, उशीर व्हतोय का?” “झाला की सांगतो.” मी शेवटी म्हटलं, “साहेब, तिथं कुणी विचारलं तर गाडी लेट होती म्हणून सांगूया. कुणी काही म्हणत नाही. गाड्या होतातच.” त्यांनी मान हलवली नाही, होही म्हणाले नाहीत. मला वाटलं, ऐकलं.

फाट्यावर टांगा मिळाला, पण घोडं म्हातारं. शाळेच्या फाटकाशी पोचलो तेव्हा अकरा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. फाटक बंद. शिपाई म्हणाला, “आता न्हाई. अकरा येके अकरा.” कंट्रोलरांनी त्याला केंद्रप्रमुखांना बोलवायला लावलं. केंद्रप्रमुख म्हणजे तिथले हेडमास्तर, चष्मा कपाळावर सरकवलेला, कंटाळलेले. खाकी बघून म्हणाले, “काय, गाडी लेट झाली ना? रोजचंच आहे. साडेअकरापर्यंत घेतो आम्ही, तसं लिहून द्या आणि पाठवा यांना आत.”

एवढं ‘हो’ म्हणायचं होतं. एक अक्षर.

कंट्रोलर म्हणाले, “गाडी वेळेवर होती.”



“वेळेवर होती?” हेडमास्तरांनी चष्मा खाली घेतला. “मग या बाई वेळेवर नव्हत्या.”

“त्या गाडीच्या आधी पंधरा मिनिटं आल्या होत्या. मी त्यांना चुकीचं सांगितलं. त्या माझ्या शब्दावर थांबल्या.”

“अहो, पण असं कारण मी कागदावर कसं घेऊ? गाडी लेट म्हणा, मिटलं. कोण तपासायला येतंय?”

“माझ्या वहीत ती वेळेवर आहे.”

हेडमास्तर माझ्याकडं बघायला लागले, मी जमिनीकडं. शिपाई हसला. मला कंट्रोलरांचा असा राग आला होता, की काय सांगू. दोन वर्षं पाटीशेजारी पुस्तक ठेवून काढली आणि हा इथं आपली वही सांभाळतोय. तेवढ्यात त्यांनी खिशातून पेन काढलं आणि शिपायाच्या टेबलावरचा कागद ओढून उभ्या उभ्या लिहायला लागले. मी वाचता येणारी बाई, मी वाचलं. आज नऊ दहाच्या गाडीबाबत मी प्रवाशांना चुकीची माहिती दिली, गाडीत जागा असताना व प्रवासी येत असताना गाडी सोडली, सदर महिलेचा यात दोष नाही. खाली सही, हुद्दा, स्टँडचं नाव.

हेडमास्तरांनी तो कागद दोनदा वाचला. म्हणाले, “हा कागद माझ्या फाइलीत राहील, कळतंय ना? उद्या तुमच्या वरच्यांनी मागितला तर मला द्यावा लागेल.”

“द्या.”

“फाटक उघड रे,” हेडमास्तर म्हणाले. साडेअकराला दोन मिनिटं होती.

मी आत पळाले. मागं वळून बघितलंच नाही. निबंध अर्धा राहिला. बाकीचं जमेल तसं लिहिलं. बाहेर आले तेव्हा ते अर्थातच नव्हते. टांगेवाल्यानं सांगितलं, ते चालतच फाट्याकडं गेले, टांगा केला नाही.

मधल्या वेळात दोन गाड्या आमच्या स्टँडवर येऊन, नोंद न होता, निघून गेल्या होत्या. कुलूप बघून कंडक्टर लोकांनी पुढं तक्रार केली. कंट्रोलरांकडून खुलासा मागवला गेला. काय लिहिलं त्यांनी, ते मला कधी कळलं नाही. बोलका कंडक्टर म्हणाला, तीन ओळी होत्या आणि त्यात एकही ओळ स्वतःच्या बाजूची नव्हती. मे महिन्यात बदली झाली, पाथर्डीच्या पलीकडं, माळावरच्या एका स्टँडवर. जाताना निरोपबिरोप काही नाही. संध्याकाळी पेरूऐवजी काकडी घेतली, कारण दिवस काकडीचे होते, पैसे दिले आणि गेले. त्यांच्या जागी आलेले गृहस्थ चांगले होते, हसतमुख, सगळ्यांना ‘लेट आहे, लेट आहे’ सांगायचे. लोक दिवसभर शेडमध्येच बसून राहायला लागले. माझ्या शेंगा जास्त खपायला लागल्या, खोटं कशाला बोलू.

निकाल लागला. मी पास झाले. मराठीत काठावर, बाकीच्यात बरी. आत्यानं साखर वाटली. मी पावशेर पेढे घेतले आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं नगर, तिथून गाडी बदलून पाथर्डी, तिथून पुढं. त्यांना काय म्हणायचं ते वाटेत तीन-चार वेळा जुळवलं. त्या कागदाबद्दल, बदलीबद्दल, आणि फाटकाशी मनात आलेल्या शिव्यांबद्दल.

ते स्टँड म्हणजे एक खोली आणि एक बाभळ. खिडकीत हेच. मला बघून म्हणाले, “पेरूवाल्या बाई, इकडं कुठं?”

“पास झाले.”

“मराठीत कमी पडले असतील.”

“पडले.”

ते टेबलाकडं बघत राहिले. मी पेढ्यांचा पुडा सोडायला लागले आणि जुळवलेलं पहिलं वाक्य तोंडाशी आणलं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, “ट्रेनिंगचा फॉर्म भरला?”

“भरलाय. पिशवीत आहे. नगरला द्यायचा.”

“शेवटची तारीख?”

“आज पाचपर्यंत. परत जाताना देते.”

ते उभे राहिले. “आणि तुम्ही इथं पेढे घेऊन बसलात?” समोर एक गाडी चालू होऊन घरघरत होती. त्यांनी मला दंडाला धरलं नाही, ते तसं कधी करायचे नाहीत, पण केबिनमधून बाहेर येऊन असे काही माझ्या मागं चालत आले, की मला पुढं चालावंच लागलं. गाडीत चढवलं, खिडकीशी बसवलं, कंडक्टरला म्हणाले, “या नगरच्या. पाचच्या आत सरकारी दवाखान्यात गेल्या पाहिजेत. तुम्ही स्वतः रस्ता दाखवा.” मी खिडकीतून पुडा पुढं केला, तर म्हणाले, “कामावर आहे.”

घंटा झाली. मला जे म्हणायचं होतं ते तसंच राहिलं. पुडा मांडीवर सुटलेला होता. नगर येईपर्यंत कंडक्टरनं आणि मी तो निम्मा संपवला, आणि सव्वाचारला मी फॉर्म दिला.